कादंबरीची मांगा करताना: 'कोकोरो' हाताशी घेऊन एकेक टप्पा

कादंबरीची मांगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा, करायला घेतलेली कामं साधारण तिसाव्या पानाला रडतात. चित्रकार पहिल्या प्रकरणापासून चौकटी आखायला बसतो आणि सुरुवातीचा समुद्रकिनारा मन लावून काढतो. मग लक्षात येतं की पानं भराभर संपताहेत आणि गोष्ट अजून उंबऱ्यातच उभी आहे. उरलेली कादंबरी निवेदनाच्या चौकटींत कोंबली जाते. नवा वाचक त्या चौकटी वाचत नाही. तो चित्रावरून चित्रावर जातो आणि गोष्ट त्याच्या हातून सुटते.

खालचा क्रम थोडा उफराटा वाटेल. यात शेवट आधी ठरतो, अक्षरं चित्रांच्या आधी बसतात आणि पेन सर्वांत उशिरा हातात येतं. उदाहरणाला नात्सुमे सोसेकी यांची 'कोकोरो' घेतली आहे. १९१४ साली 'असाही शिंबुन'मध्ये ती ११० हप्त्यांत आली. तिचे भाग तीन, ३६, १८ आणि ५६ हप्त्यांचे. तिसरा भाग म्हणजे सबंध एक पत्र आहे. अर्धी कादंबरी एका माणसाने दुसऱ्याला लिहून कळवलेली, आणि ती आपल्याला डोळ्यांना दिसेल अशी करायची आहे. 'पण लक्षात कोण घेतो'सारखी यमूच्या तोंडून येणारी मराठी कादंबरी घेतलीत तरी अडचण हीच येणार.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात: 'मी' हा तरुण विद्यार्थी एका अबोल माणसाच्या ओढीने त्याच्याकडे जाऊ लागतो आणि त्याला सेन्सेई म्हणतो, हा जपानीतला आदराचा शब्द. सेन्सेईंनी विद्यार्थिदशेत के नावाच्या मित्राला आपल्याच बिऱ्हाडी राहायला आणलेलं असतं. घरमालकिणीच्या मुलीवर आपलं प्रेम बसल्याचं के त्यांना सांगतो. त्याला न कळवता सेन्सेई त्याच मुलीला मागणी घालतात. के आत्महत्या करतो. सेन्सेई तिच्याशी लग्न करतात, ते गुपित आयुष्यभर वागवतात आणि शेवटी पत्रातून 'मी'ला सांगतात.

## टप्पा १: हक्क आणि मूळ मजकूर

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात 'रूपांतर' या शब्दाच्या व्याख्येतच चित्रांतून सांगितलेली आवृत्ती येते. "मी फक्त चित्रं काढली, मजकूर घेतला नाही" ही पळवाट त्यामुळे बंद आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून मोकळं आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागेल. जपानमध्ये डिसेंबर २०१८पासून ही मुदत ७० वर्षं झाली आहे. सोसेकी १९१६ साली गेले, त्यामुळे तिकडेही प्रश्न नाही. 'कोकोरो'चा मूळ जपानी मजकूर 'आओझोरा बुन्को' या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येतो.

सावधान: मूळ कादंबरी मोकळी असली तरी अनुवाद मोकळा असेलच असं नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. इंग्रजी अनुवाद समोर ठेवून त्यातली वाक्यं मराठीत संवादाच्या फुग्यात घातलीत, तर तुम्ही त्या अनुवादकाचं काम वापरताय. जपानी येत नसेल तर जाणकाराकडून आपल्या कामापुरत्या प्रसंगांचा अनुवाद पैसे देऊन करून घ्या आणि वापराचे हक्क कागदावर लिहून घ्या. सबंध कादंबरीचा लागत नाही. टप्पा ३ झाल्यावर नेमके कोणते हप्ते हवेत ते कळतं, तोवर थांबा.

## टप्पा २: तीन वाचनं, एक वही

पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता करा. दुसऱ्यात वहीत चार रकाने पाडा: हप्ता क्रमांक, कोण कुठे आहे, काय बदललं, डोळ्यांना काय दिसतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'सेन्सेईंना मत्सर वाटला' ही नोंद तिथे चालणार नाही. 'घरी आले तर केच्या खोलीतून मुलीचा आवाज' ही चालेल. ज्या हप्त्यासमोर हा रकाना कोरा राहतो, तो एक तर गाळायचा असतो किंवा दुसऱ्या प्रसंगात मुरवायचा असतो.

तिसरं वाचन शेवटाकडून सुरुवातीकडे करा. कोणती गोष्ट आधी पेरलेली आहे ते असं वाचल्यावरच दिसतं. 'कोकोरो'त पहिल्या भागातली झोशिगाया दफनभूमी दोन-चार चौकटींत उरकावीशी वाटते. उलट वाचलं की कळतं, सेन्सेई दर महिन्याला ज्या थडग्यापाशी जातात ते केचं आहे. त्या दोन-चार चौकटी काटल्या तर तिसऱ्या भागाचा पायाच जातो. तसंच बोशू या किनारी प्रांतातल्या पायी सहलीत के म्हणतो, ज्याला मनाने वर चढायची आस नाही तो मूर्ख. पुढे उएनोच्या बागेत सेन्सेई नेमकं हेच वाक्य त्याच्यावर उलटवतात. दोन्हीकडे शब्द काना-मात्रेसकट तेच हवेत. अनुवादात दोन जागी दोन तर्‍हा झाल्या की घाव बोथट होतो, आणि ही चूक फार होते.

तपासा: वही मिटून कादंबरीतले सहा टर्निंग पॉइंट सांगता येतात का? पाचच आठवले तर सहावा तुमच्या मांगातही हरवणार आहे.

## टप्पा ३: पानांचा हिशेब

मराठी छपाईत पुस्तक १६ पानी फॉर्ममध्ये मोजतात. १२ फॉर्म म्हणजे १९२ पानं, आणि एका खंडाच्या मांगाला हा आकार बरा पडतो. शीर्षक, श्रेयनामावली, पात्रपरिचय आणि काळाची टीप यांना ८ पानं गेली की गोष्टीला १८४ उरतात.

आता सगळ्यात महागडी चूक. १८४ला ११०ने भागून बरेच जण हप्त्याला पावणेदोन पानांच्या आसपास देतात. तसं केलं तर भागवार ६०, ३० आणि ९४ पानं पडतात. हिशेब चोख बसतो आणि पुस्तक पडतं, कारण सगळी धग तिसऱ्या भागात आहे. त्यापेक्षा अशी वाटणी करून पाहा:

- पहिला भाग: ४६ पानं
- दुसरा भाग: १८ पानं
- तिसरा भाग: १२० पानं. त्यात सेन्सेईंच्या काकांनी त्यांची इस्टेट लुबाडणं १६, के येण्यापूर्वीचं बिऱ्हाड १४, के आल्यापासून बोशूपर्यंत २६, केच्या कबुलीपासून मागणी घालेपर्यंत ३४, मृत्यू आणि लगतचे दिवस २२, पुढची वर्षं आणि शेवट ८.

दुसरा भाग १८ पानांत बसतो, कारण त्यातल्या दृश्य गोष्टी मोजक्या आहेत: गावी आजारी वडील, ३० जुलै १९१२ला सम्राट मेइजी गेल्याची बातमी, मग सेनापती नोगींची आत्महत्या, जाडजूड पत्र आणि तोक्योची गाडी. काकांच्या प्रकरणाला १६ पानं जास्त वाटतील. पण आपल्याला फसवलं गेलं म्हणून माणसांवरचा विश्वास उडालेला तरुण पुढे स्वतःच मित्राला फसवतो, हे वाचकाला आतून कळायचं तर ती पानं लागतात.

शब्दांचंही अंदाजपत्रक करा. देवनागरीत पानाला सरासरी ४५ शब्द झेपतात. १८४ पानांचे सव्वाआठ हजारांच्या आसपास होतात. तुमच्या संहितेत १५ हजार शब्द असतील तर टाइप बारीक करून काही साधणार नाही. संहिता परत लिहायला घ्या.

## टप्पा ४: घराचा नकाशा आणि वस्तू

हा टप्पा लोक चित्र काढतानाचा समजतात. तो संहितेच्या आधी हवा, कारण 'कोकोरो'चं अर्धं नाट्य खोल्यांच्या मांडणीत आहे. सेन्सेईंची खोली आठ तातामींची (तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड चटई, खोली तिच्यावरच मोजतात), केची तिला लागून चार तातामींची. सेन्सेईंना आपल्या खोलीत जायचं तर केच्या खोलीतून जावं लागतं. एक तातामी साधारण १८० × ९० सेंमी धरून १:२० प्रमाणात नकाशा आखा आणि भिंतीला लावा.

मधलं सरकतं दार फुसुमा आहे, शोजी नाही. शोजीच्या जाळीवर पातळ कागद असतो, त्यातून उजेड झिरपतो. फुसुमा अपारदर्शक असतं. मांगा पाहून मांगा काढणारे इथे हमखास जाळीचं दार काढतात, आणि मग पलीकडची सावली, दिव्याचा उजेड सगळं आधीच दिसून जातं. फुसुमाची फट उघडली तरच उजेड आत येतो. याच फटीवर पुढे दोन रात्री उभ्या आहेत.

वस्तूंची यादी करताना काळ दोन आहेत हे विसरू नका. 'मी'ची गोष्ट मेइजी काळाच्या अखेरची, सेन्सेई-केची त्याच्या बरीच आधीची. दुसरीत तेलाचे दिवे, किमोनो आणि त्यावर नेसायचा घोळदार हाकामा. केचं शेवटचं पत्र पाकिटात घातलेली कागदाची गुंडाळी आहे, घडी घातलेला कागद नव्हे.

सावधान: किमोनोची डावी बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर फक्त मृतदेहाला नेसवतात. चित्रं उजवीकडून डावीकडे काढून नंतर मराठीसाठी आरशासारखी उलटवलीत तर सगळी जिवंत माणसं मेलेल्यांच्या कपड्यांत फिरू लागतील. म्हणून वाचनाची दिशा आत्ताच ठरवा. मूळ जपानी मांगा अनुवादात येते तेव्हा उजवीकडून वाचणं योग्यच आहे. पण नव्याने काढायची मांगा, वाचक नवा आणि लिपी देवनागरी असेल तर डावीकडून उजवीकडेच काढा. फुग्यातला मजकूर एका दिशेने आणि फुगे दुसऱ्या दिशेने वाचायची कसरत मांगाची सवय असलेल्याला जमते, नव्या वाचकाला नाही.

## टप्पा ५: काय दाखवायचं नाही

गाळायची यादी सगळेच करतात. झाकायची यादी वेगळी असते, ती सहसा कोणी करत नाही.

के का मेला, ते कादंबरी सांगत नाही. त्याच्या मनात डोकावणारी एकही चौकट काढू नका. रूपांतरकाराला वाटतं, वाचकाला कळायला हवं. मग केच्या डोळ्यांत मुलीचं प्रतिबिंब, पार्श्वभूमीत गळणारी फुलं असला मालमसाला येतो. जे सेन्सेईंना ठाऊक नाही ते या पत्रात असूच शकत नाही. मुलीचंही तसंच. ती केशी हसून बोलते तेव्हा ते हसू कशाचं, हे सेन्सेईंना कळत नाही, म्हणूनच ते जळतात. अशा चौकटीत तिचा चेहरा पाठमोरा किंवा दारामागे ठेवा.

मृत्यूच्या प्रसंगात साधन आणि जखम चौकटीबाहेर राहू द्या. नवे वाचक कोवळ्या वयाचे असू शकतात. श्रेयपानावर 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापायला अर्धी ओळ लागते.

शेवटी आगगाडीतला 'मी' परत दाखवायचा मोह आवरा. कादंबरी पत्राबरोबर थांबते. त्याचे वडील, त्याचा प्रवास, पुढे काय झालं, यातलं काहीही कळत नाही. 'गोष्ट पूर्ण करणारी' दोन पानं जोडली की ती दुसरीच गोष्ट होते.

## टप्पा ६: संहिता

एका पानाला एक परिच्छेद, चौकटींना क्रमांक, प्रत्येक चौकटीत आधी 'काय दिसतं' आणि मग 'कोण काय बोलतं'. पानाला ४ ते ६ चौकटी.

निवेदनाच्या चौकटीला पानामागे जास्तीत जास्त १५ शब्द. ती वापरायची फक्त तेव्हा, जेव्हा ती चित्राच्या विरुद्ध काही सांगते किंवा काळ पुढे नेते. चित्रात सेन्सेई केला शांतपणे चहा देताहेत आणि वर 'मी त्याच्या प्रत्येक शब्दाची वाट पाहत दबा धरून होतो', हे चालेल. चित्रात घाबरलेला चेहरा आणि वर 'मी घाबरलो' म्हणजे छपाईची शाई वाया.

संबोधनं इथेच ठरवा, फुगे भरताना नाही. के आणि सेन्सेई एकमेकांना 'तू'. घरमालकिणीशी दोघेही 'तुम्ही'. 'मी' सेन्सेईंना 'तुम्ही' म्हणणार हे उघड आहे. अडतं ते पत्रात. वयाने मोठा माणूस विद्यार्थ्याला मराठीत सहज 'तू' म्हणेल, पण हे पत्र अंतर राखून लिहिलेलं आहे, तिथे 'तुम्ही'च शोभतं. सेन्सेईचं 'गुरुजी' किंवा 'सर' करू नका. 'मी' त्यांच्या वर्गात कधी बसलेला नाही, आणि 'गुरुजी' म्हटलं की डोळ्यांसमोर फळा-खडू येतो.

## टप्पा ७: नेमु, म्हणजे पानांचा कच्चा आराखडा

जपानी मांगाकार ज्याला नेमु म्हणतात तो सबंध पुस्तकाचा पेन्सिलीतला आराखडा. माणसं काड्यांची चालतात, फुगे मात्र खरे हवेत, आत खरा मजकूर हवा. ए४ आडवा कागद मधे दुमडून समोरासमोरची दोन पानं एकत्र आखा. डावीकडून वाचायच्या पुस्तकात सम क्रमांकाचं पान डावीकडे येतं आणि पान उलटल्यावर नजर आधी त्यावर पडते. धक्का सम पानावर, उत्सुकता त्याच्या आधीच्या विषम पानाच्या तळाशी. सगळा आराखडा झाल्यावर एक पान घुसवलंत तर पुढचे सगळे धक्के उजव्या पानावर सरकतात. घुसवायचीच तर दोन पानं घुसवा.

आता त्या दोन रात्री. पहिल्या रात्री सेन्सेईंना कोणीतरी नावाने हाक मारल्याने जाग येते. मधलं दार दोन शाकू, म्हणजे साधारण ६० सेंमी उघडं आहे आणि तिथे केची काळी आकृती उभी आहे. दिवा त्याच्या पाठीमागे असल्याने चेहरा दिसत नाही. झोपलास का, एवढंच तो विचारतो. एका पानात पाच चौकटी अशा:

1. आडवी, रुंद: अंधार, पांघरूण, सेन्सेईंचे मिटलेले डोळे.
2. लहान: डोळे उघडतात. फुगा चौकटीच्या कडेला कापलेला.
3. उभी, अरुंद, जवळजवळ अर्ध्या पानाची उंची: उजेडाची फट, त्यात काळा के. फुगा: "झोपलास का?"
4. लहान: सेन्सेईंचा चेहरा, किलकिले डोळे.
5. आडवी: दार बंद, चौकट पूर्ण काळी.

दुसऱ्या चौकटीतला फुगा कापायचं कारण आहे. सेन्सेईंचं नाव कादंबरीत कुठेच येत नाही. के नावाने हाक मारतो, पण ती हाक आपण छापू शकत नाही. नाव बनवून घातलंत तर पुस्तकभर ते खुपत राहील. फुग्याचं टोक आणि अक्षराची एखादी कड दिसली की हाक पोचते.

दुसरी रात्र, केच्या मृत्यूची. पान तेच, पाचही चौकटी त्याच मापाच्या. दुसऱ्या चौकटीत हाक नाही, उशाकडून येणारा गार वारा. तिसऱ्या चौकटीत फट तेवढीच उघडी, दिवा मंद, आणि तिथे कोणी नाही. पाचव्या चौकटीत या वेळी दार बंद होत नाही. पान उलटतं.

इथे एक सापळा आहे. चौकटी तशाच ठेवायच्या म्हणून चित्रकार पहिल्या चौकटीचं चित्र उचलून दुसऱ्या रात्रीला वापरतो. पण सेन्सेई एरवी पूर्वेला डोकं करून झोपतात आणि नेमकी त्या रात्री पश्चिमेला. म्हणूनच वारा उशाकडून येतो. डोकं चौकटीच्या दुसऱ्या बाजूला गेलं पाहिजे. टप्पा ४मधला भिंतीवरचा नकाशा अशा वेळी उपयोगी पडतो.

पुढच्या पानांतला क्रमही बदलू नका. सेन्सेई केच्या खोलीत जातात, टेबलावरचं आपल्या नावचं पाकीट उघडतात, त्यात आपल्याविरुद्ध काही नाही हे पाहून सुटल्यासारखं वाटतं, पत्र सगळ्यांना दिसेल असं परत ठेवतात, आणि मग मागे वळतात तेव्हा पहिल्यांदा दारावरचं रक्त दिसतं. बहुतेक जण 'परिणामासाठी' रक्त आधी काढतात. तसं केलं की सेन्सेई शोक करणारा मित्र होतात. पत्र आधी आलं तर मित्राच्या देहाशेजारी स्वतःची अब्रू तपासणारा माणूस दिसतो. या जागी रक्ताऐवजी दाराकडे वळलेली नजर काढली तरी पुरते.

तपासा: नेमु दोन अशा माणसांना वाचायला द्या, ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही. समोर बसा, बोलू नका. ते पान मागे उलटतात तिथे खूण करा. "आवडलं का?" हे विचारून काही मिळत नाही. "मागणी घालताना केला माहीत होतं का?" असं विचारा. उत्तर चुकलं तर ती ३४ पानं परत आखायची. पेन अजून हातात घेतलेलं नाही, म्हणून नुकसान फक्त कागदाचं.

## टप्पा ८: फुगे आणि देवनागरी

जपानी फुगे उभे असतात, कारण लिपी उभी लिहितात. तोच उभा अंडाकार देवनागरीला दिला की एका ओळीत एकच शब्द मावतो आणि 'विश्वासघातकीपणाने' मधेच तुटतो. आपला फुगा आडवा, ३ ते ४ ओळींचा, ओळीत २ ते ४ शब्दांचा. एका फुग्यात १५ शब्दांपर्यंत. मजकूर आणि फुग्याची कड यात अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा.

डेमी आकारात (१४० × २१६ मिमी) ९ ते १० पॉइंट अक्षर आणि १३ पॉइंट ओळअंतर. याहून कमी केलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मुक्त, बलू २, कलम हे मोफत परवान्याचे युनिकोड फाँट आहेत. संवादाला मुक्त किंवा बलू, पत्राच्या मजकुराला कलम असं वेगळं ठेवलं की कोण बोलतंय ते डोळ्याला लगेच कळतं. ठळक अक्षर पानाला एकदाच.

चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकण्याआधी ही चाचणी घ्या: 'दुसऱ्या वाऱ्याने, क्षणार्धात, दृष्टी, राष्ट्र, कर्त्याला'. 'ऱ्य' फुटला किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला गेली तर तिथे फक्त फुगे काढा आणि मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावून बसवा. मजकुराची भाषा मराठी निवडा. काही फाँट त्यावरून मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

आवाजांसाठी जपानी शब्द देवनागरीत लिहू नका. दार 'सर्रकन' सरकतं, पाय 'धपधप' वाजतात, मराठीत यांची वानवा नाही. जपानी मांगात शांततेलाही ध्वनिशब्द असतो. त्याला मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा चौकट रिकामी ठेवा.

## टप्पा ९: पेन्सिल, शाई, टोन

कागदावर काढणार असाल तर ए३वर दीडपट, म्हणजे २१० × ३२४ मिमी. कटिंगसाठी चारी बाजूंना साडेचार मिमी जास्त, छापताना त्याचे तीन होतात. डिजिटलमध्ये प्रत्यक्ष आकारात ६०० डीपीआय, ब्लीडसह, म्हणजे कटिंगचे ते तीन मिमी धरून, ३४४९ × ५२४४ पिक्सेल. महत्त्वाचं काही कडेपासून ८ मिमीच्या आत नको आणि बाइंडिंगच्या बाजूला १५ मिमी सोडा. चिकटवलेलं पुस्तक तिथे उघडत नाही, आणि फुगा नेमका त्याच खाचेत जातो.

टोन, म्हणजे ठिपक्यांची राखाडी छटा, चित्र अंतिम आकाराला आणल्यावर लावा. ६० लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळी) टोन दीडपट चित्राला लावून लहान केला की तो ९० लाइनचा होतो आणि छपाईत ठिपके एकमेकांना चिकटून राखाडी चिखल होतो. टोन लावलेलं पान नंतर लहान-मोठं केलं तर मोआरेच्या, म्हणजे ठिपक्यांच्या नको असलेल्या, लाटा उठतात. ५ टक्क्यांखालचा टोन छपाईत पुसला जातो, ५०च्या वरचा काळाच दिसतो. १०, २० आणि ३० टक्के एवढ्यावर सगळं पुस्तक निघतं.

त्या दोन रात्रींसारखी काळी पानं बरीच असतील, म्हणून ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागद घेऊ नका. पाठचा काळा भाग पुढच्या पानावर दिसतो. ८० जीएसएम घ्या आणि पुठ्ठ्याच्या कण्याची जाडी छापखान्याकडून त्याच कागदाच्या १९२ कोऱ्या पानांची डमी मागवून मोजा.

## टप्पा १०: प्रूफ

प्रूफ पडद्यावर वाचू नका, कागदावर छापून वाचा, आणि तीन वेगळ्या फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त फुगे, चित्रांकडे न पाहता: शुद्धलेखन, 'तू-तुम्ही', केचं ते वाक्य दोन्हीकडे एकसारखं आहे का. दुसरीत फक्त चित्रं: किमोनोची बाजू, फुसुमा, उशाची दिशा, दिवा कुठे आहे. तिसरीत प्रत्येक फुग्याचं टोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलंय का. एका चौकटीत दोन माणसं बोलत असतील तर आधी बोलणारा डावीकडे हवा. तो उजवीकडे आला असेल तर फुगा हलवून भागत नाही, फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. ती चौकट परत काढावी लागते.